कमलाक्षीतायचा कान

आमच्या पेडण्यात गाणारे-वाजवणारे किती झाले ते कोणीही सांगेल. कोण कुठल्या गुरूकडे शिकायला गेला, देवळाच्या उत्सवात कुणाच्या गाण्याला कुणाची पेटी होती, सगळं लोकांना तोंडपाठ. पण त्या गाण्यासमोर बसून ऐकणारे कोण होते, याची आठवण कुणी ठेवत नाही. म्हणून मी कमलाक्षीतायबद्दल सांगायला बसलो आहे. ती गात नाही. काही वाजवत नाही. ती ऐकते. माझा जन्म पेटी शिकवण्यात गेला, तरी तिच्यासारखं ऐकणारं माणूस मला दुसरं भेटलेलं नाही.

ती मूळची आमच्या शेजारच्या घरातली, परबांची. माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठी. माझे बाबा घरात गाणं शिकवायचे, तेव्हा परकर-पोलक्यातली ही मुलगी इतर मुलींबरोबर शिकायला यायची. काही महिने गेले आणि बाबांनी तिला एकटीला थांबवून घेतलं. मी खूप लहान होतो, पण हा प्रसंग घरात इतक्या वेळा सांगितला गेला की मला तो पाहिल्यासारखा वाटतो.

"चेडवा," बाबा म्हणाले, लहान मुलीला आमच्याकडे अशीच हाक मारतात, "देवान तुका गळो दिवंक ना. पण कान असो दिला की गातना माकाच भंय दिसता."

चुकीचा स्वर लागला की ती चेहऱ्यावर काही दाखवायची नाही, नुसती मान किंचित खाली घालायची. बाबांना त्या खाली गेलेल्या मानेची भीती वाटायची. गळा नाही म्हटल्यावर ती त्या दिवशी रडत घरी गेली. दुसऱ्या दिवशी शिकवणीच्या वेळेला पुन्हा हजर. बाबांनी विचारलं, "आता कित्याक आयलंस?" तर म्हणाली, "आयकूक." आणि कोपऱ्यात जाऊन बसली. नोकरीसाठी गाव सोडीपर्यंत ती त्या कोपऱ्यात बसत राहिली.

पुढे ती म्हापशाच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागली. कानाला हेडफोन लावायचा, लोकांचे ट्रंक कॉल जोडून द्यायचे. मुंबईहून बोलणाऱ्या माणसाच्या 'हॅलो'वरून ती सांगायची की घरी बरी बातमी आहे की वाईट. तिथेच तिला कॅसेटचा नाद लागला. एक्स्चेंजमधल्या कुणाच्या तरी ओळखीतून जुन्या मैफलींची ध्वनिमुद्रणं यायची, ती उतरवून घ्यायची आणि एक प्रत बाबांना पाठवायची. पोस्टाने नाही, पेडण्याच्या बसच्या कंडक्टरबरोबर. वर्तमानपत्रात गुंडाळलेली कॅसेट आणि वर चिठ्ठी: 'मास्तर, दुसऱ्या बाजूचा मारवा आधी ऐका.' बाबा ऐकायचे, आणि उलट कंडक्टरबरोबर एखादी कॅसेट धाडायचे. गुरू-शिष्या न झालेली ही दोघं अशी कित्येक वर्षं एकमेकांना गाणं पाठवत राहिली.

लग्न मुळगावच्या अनंत गांवसांशी झालं. ते खाणीवर मेकॅनिक होते, आणि फुटबॉल सोडला तर जगात दुसरं काही ऐकण्यासारखं आहे यावर त्यांचा विश्वास नव्हता. लग्नात सामानाबरोबर टेपरेकॉर्डर आला तेव्हा त्यांनी तो उघडून, साफ करून, पुन्हा जोडून दिला. "गाणें माका कळना," ते म्हणाले, "मशीन कळता." संसार चांगला चालला. संध्याकाळी घराच्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या बसायच्या ओसरीवर, एका टोकाला ताय गाणं लावून बसायची आणि दुसऱ्या टोकाला अनंतबाब रेडिओवर मॅच. दोघांचंही दुसऱ्यावाचून चालायचं नाही.

निवृत्त झाल्यावर तिने मोबाईलवर ग्रुप काढला. नाव ठेवलं 'आयज कितें आयकलें?', म्हणजे आज काय ऐकलं? डिचोलीचे कापड दुकानदार गोकुळदासबाब, नार्व्याचे विठ्ठल नाईक, कॉलेजात शिकवणारी श्रद्धा, मी, आणि हळूहळू डिचोली, पेडणे, म्हापसा इथले बरेच जण. नियम एकच, आणि तो तिनेच पहिल्या दिवशी लिहिला: 'स्वतः ऐकल्याशिवाय पाठवायचं नाही.'

सुरुवातीला लोक सवयीप्रमाणे आलेलं पुढे ढकलायचे. तायचा लगेच प्रश्न यायचा: 'यात तुम्हाला काय आवडलं?' उत्तर नसेल तर माणूस ओशाळायचा, आणि पुढच्या वेळी ऐकून यायचा. ती स्वतः दर सकाळी एक ध्वनिमुद्रण पाठवायची आणि खाली चार ओळी. त्या चार ओळींसाठी आम्ही वाट बघायचो. 'या भूपात बाई गंधारावर येतात तेव्हा घाई करत नाहीत, पाहुण्याला आधी बसू देतात.' 'तबलजी इथे खूश झाला आहे, त्याच्या डाव्या हाताकडे लक्ष द्या.' 'मध्येच मागचा तंबोरा एकटा राहतो. तो तेवढा क्षण ऐका, मग पुढे जा.' मी इतकी वर्षं शिकवतो, पण तिने सांगितल्यावर कितीतरी जुनी ध्वनिमुद्रणं मला नव्याने ऐकू आली. गोकुळदासबाबांनी दुकानात सकाळी सिनेमाची गाणी लावणं बंद केलं. गिऱ्हाईक साडी बघता बघता विचारायचं, "हो कोण गाता?" आणि गोकुळदासबाब तायच्या चार ओळी आपल्याच असल्यासारख्या ऐकवायचे.

असं छान चाललेलं असताना दोनेक वर्षांमागे तायने एक शुद्ध कल्याण पाठवला. खाली लिहिलं, 'गाणं उत्तम, पण तंबोरे फार मागे ठेवलेत, जवळजवळ नाहीतच.' मी ऐकलं. तंबोरे चांगले भरपूर होते. श्रद्धाने तसं लिहिलंही: 'ताय, मला तर स्पष्ट ऐकू येतायत. इयरफोन बदलून बघा ना.' तायने हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि विषय तिथेच संपला.

आमच्यापुरता संपला. घरात मात्र अनंतबाबांना आधीच शंका होती. कुकर शिट्ट्या मारत राहायचा आणि ही शेजारच्या खोलीत शांत बसलेली. मोबाईल वाजायचा, हिला पत्ता नाही. सुनेने "सासूबाई, साखर संपली" म्हटलं की ही विचारायची, "कोण आलं?" शेवटी एकदा ते बोलले, "अगो, कुकर कवापासून बोंबलता. तुका आयकूक येयना?"

"गाणं लावलं होतं," ती म्हणाली.

गाणं लावलेलं नव्हतं. ते खोलीत येऊन गेले होते.

पुढे तिनेच मला सांगितलं की त्या महिन्यांत तिचं काय होत होतं. आवाज गेला नव्हता. गाणारा ऐकू यायचा, तबल्याचा डग्गा ऐकू यायचा. पण तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तार छेडल्यावर जी बारीक, सोनेरी अशी गुणगुण वर उठते, ती गेली होती. राहिला होता नुसता घुमणारा लाकडी आवाज. गाणाऱ्याचे शब्द गोधडीखालून आल्यासारखे. तिने इयरफोन बदलले, मोबाईल बदलला, जुना टेपरेकॉर्डर काढून बघितला. मग कळलं की बिघाड मशीनमध्ये नाही. आणि हे तिने कुणालाही सांगितलं नाही.

तरी ग्रुपवर रोज सकाळी चार ओळी येतच होत्या. आम्हाला काही संशय आला नाही, कारण ओळी पूर्वीसारख्याच सुंदर होत्या. ती आठवणीतून लिहीत होती. जन्मभर ऐकलेलं सगळं डोक्यात होतं, एकेक मैफल जशीच्या तशी. त्यातलं काढून द्यायची. आपलाच नियम ती रोज मोडत होती आणि ते तिला रोज टोचत होतं.

उघडं पडलं ते गोकुळदासबाबांच्या एका चुकीमुळे. त्यांनी एक पूरिया धनाश्री ग्रुपवर पाठवला आणि वर लिहिलं, 'सावंतवाडीची मैफल.' ती मैफल तायला माहीत होती. तिने तासाभरात लिहिलं की समोर कुणीतरी खोकतं आणि बुवा हसून तीच जागा पुन्हा घेतात, ती जागा चुकवू नका. दुपारी गोकुळदासबाबांनी दुकानात ते लावलं. खोकला नाही. हसणं नाही. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की मोबाईलमधून भलतंच ध्वनिमुद्रण गेलं होतं. बुवा तेच, राग तोच, पण हे रेडिओसाठी बंद खोलीत केलेलं. समोर श्रोताच नाही तर खोकणार कोण?

दुसरा कुणी असता तर ग्रुपवर गंमत केली असती. गोकुळदासबाबांनी दुकान मुलाच्या ताब्यात दिलं, स्कूटर काढली आणि मुळगावला गेले. जाताना पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, गरम उंडे घेतले, रिकाम्या हाताने नको म्हणून. ताय बाल्कांवात बसली होती. इकडचं तिकडचं बोलणं झालं, चहा झाला. मग ते म्हणाले, "ताय, आज माझी चूक झाली. सावंतवाडीची म्हणून भलतीच फाईल पाठवली मी."

गोकुळदासबाब सांगतात की तायने मान खाली घातली ती बराच वेळ वर केली नाही.

"तुमची चूक नाही," ती म्हणाली. "गोकुळदासबाब, मला जवारी ऐकू येत नाही. गेले कित्येक महिने."

अनंतबाब दारात उभे होते. त्यांनी एवढंच विचारलं, "डॉक्टर खंय बसता?"

म्हापशाला सेजल नावाची मुलगी कान तपासते. डिचोलीचीच, तिशीच्या आतली, बाहेर शिकून आलेली. तिने तायला काचेच्या खोलीत बसवून तपासलं. आवाज आला की बटण दाबायचं. बराच वेळ ताय बटण न दाबता बसून राहिली, आणि काचेपलीकडे बसलेल्या अनंतबाबांना पडद्यावर दिसत होतं की आवाज तर जात आहेत. ते उठून बाहेर उभे राहिले. सेजलने समजावून सांगितलं: वयानुसार होतं, बारीक आणि उंच आवाज आधी जातात. गेलेलं परत येत नाही, पण यंत्राने पुष्कळ भरून काढता येतं.

यंत्रं बसवली. परत येताना बसमध्ये ताय लहान मुलासारखी सगळीकडे मान वळवत होती. कंडक्टरच्या हातातली नाणी वाजली, कुणाची कागदी पिशवी चुरगळली, अनंतबाबांच्या चपलेचा फटफट आवाज आला. घरी सुनेने काहीतरी म्हटलं ते पहिल्यांदाच नीट ऐकू आलं. सगळे खूश. हातपाय धुऊन तिने देवाला दिवा लावला आणि जुना, आवडीचा ललत लावला.

तो ललत नव्हता. तंबोरा डासांच्या थव्यासारखा आला. बाईंचा आवाज पाण्याखालून, थरथरत. लांब स्वर लावला की तो मध्येच गचके खायचा, मागून एक शिट्टी उठायची आणि विझायची. तिने ते तिथेच बंद केलं, यंत्रं काढून डबीत ठेवली आणि डबी कपाटात.

"माणसां आयकूक येतत न्हय?" अनंतबाब म्हणाले. "तां पुरें न्हय?"

"माणसं ऐकू येतात," ती म्हणाली. "पण तुम्हाला उद्यापासून मॅच दिसेल आणि बॉल दिसणार नाही, असं सांगितलं तर चालेल का?"

अनंतबाबांना गाणं कळत नव्हतं, पण हे कळलं. दुसऱ्या सकाळी त्यांनीच कपाटातली डबी काढून तिच्यासमोर ठेवली. "मशीन हां तां," ते म्हणाले. "मशीन आमकां जाय तशें चलपाक जाय. चल, त्या चेडवाक विचारूया." मशीन आपल्याला हवं तसं चालायलाच हवं, हा मेकॅनिकचा हिशोब.

सेजलने सगळं ऐकून घेतलं. मग जे सांगितलं ते मला अजून आठवतं, कारण तायने त्याच संध्याकाळी मला फोन करून ते शब्द जसेच्या तसे ऐकवले. "मावशी, ही यंत्रं बोलणं ऐकण्यासाठी केलेली असतात. तंबोऱ्याचा एकसारखा आवाज आला की यंत्राला वाटतं आपल्यातच शिट्टी वाजतेय, आणि ते ती दाबायला जातं. हे सगळं मला बंद करता येतं, बदलता येतं. पण कुठे आणि किती, ते मला कळणार नाही. मला गाण्यातलं काही येत नाही. तुम्ही सांगत गेलात तर मी करत जाईन. वेळ लागेल."

"लागू दे," ताय म्हणाली. आणि मला फोनवर: "मधू, मोबाईलवरचं गाणं लावून हे व्हायचं नाही. खरा तंबोरा पाहिजे. मास्तरांचा घेऊन म्हापशाला येशील?"

पुढच्या भेटीचा दिवस शुक्रवार होता, म्हणजे म्हापशाच्या बाजाराचा दिवस. बसस्टँडवर उतरून खोळीतला तंबोरा छातीशी धरून मी त्या गर्दीतून निघालो. मिरच्यांच्या राशी, केळ्यांचे घड, मडकी, चटया, आणि त्यांच्यामधून वाट काढणारा मी. भाजीवाल्या एका बाईने खोळीतून दिसणारी गोलाई बघून विचारलं, "बाब, इतलो व्हड भोंपळो खंयच्या मळ्यांतलो?" मी म्हटलं, "पेडण्याचो." खोटं काहीच नव्हतं त्यात.

सेजलच्या खोलीत मी जमिनीवर बसलो. ताय समोर खुर्चीत, कानातल्या यंत्रांचा संगणकाशी संबंध जोडलेला, सेजल संगणकापाशी. मी तंबोरा जुळवला आणि छेडू लागलो. तायने डोळे मिटले.

"नाही," ती म्हणाली. "पत्र्यावर वाळू पडतेय."

सेजलने काहीतरी बदललं. "आता?"

"वाळू गेली. पण पंचम पुढे येऊन उभा राहिलाय, आणि खर्ज मागे कुठेतरी. खर्जाला पुढे आण बाय."

"खर्ज म्हणजे?"

मी जाड तार एकटी छेडून दाखवली. सेजलने ती दोनदा-तीनदा छेडायला लावली, पडद्यावरच्या रेषा बघितल्या. "हां, ही इथे आहे," असं म्हणून एक रेघ वर ओढली. ताय म्हणाली, "आता घोगरा झाला. अर्धं मागे घे." सेजलने अर्धं मागे घेतलं.

असं आमचं तिघांचं काम सुरू झालं. एकीला ऐकू कमी यायचं पण काय ऐकायचं ते ठाऊक होतं. दुसरीला यंत्र यायचं, स्वर यायचे नाहीत. तिसरा मी, नुसता तारा छेडणारा. बाहेर बसलेल्या पेशंटांची कुजबुज थांबली होती. मदतनीस मुलीने दार थोडं उघडं ठेवलं तेव्हा दिसलं की माणसं गप्प बसून तंबोरा ऐकत आहेत. अनंतबाब त्यांना हलक्या आवाजात सांगत होते, "जुळोवप चल्लां. बायल माझी. गाण्याची आयकपी." गाण्याची आयकपी, गाणं ऐकणारी. एखाद्याने 'डॉक्टर' किंवा 'वकील' म्हणावं तसं म्हणत होते.

त्या दिवशी झालं नाही. पुढच्या खेपेलाही नाही. तंबोरा नीट झाला की पेटी कर्कश व्हायची, पेटी शांत केली की तबल्याची किनार बोथट. मी पेटीही नेली. मधल्या दिवसांत ताय घरी ऐकून ऐकून शोधत राहायची, आणि काय चुकतंय ते सेजलला फोनवर सांगायची. सेजल दवाखाना बंद झाल्यावर मोबाईलवर यमन ऐकायला लागली. स्वतःला कळल्याशिवाय दुसऱ्याला कसं देणार, असं म्हणायची.

आणि मग एका सकाळी, मी तंबोरा छेडत असताना, ताय काहीच बोलेना. सेजल विचारायला लागली, मी तिला खुणेनं थांबवलं. तायच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मी थांबलो नाही. बाबा सांगायचे, माणूस स्वरात शिरलं की तंबोरा थांबवू नये.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "आली."

"जवारी? पूर्वीसारखी?" मी विचारलं.

"नाही रे. पूर्वी ऊन होतं. आता जनेलाच्या काचेतून आलेलं ऊन आहे." मग हसली. "पण ऊनच आहे."

त्या संध्याकाळी तिने ग्रुपवर लिहिलं. काही लपवलं नाही. कान गेला होता, महिनोन्‌महिने न ऐकताच लिहिलं, गोकुळदासबाबांनी पकडलं आणि तरी कुणाला सांगितलं नाही, सगळं. शेवटी: 'नियम मी केला आणि मीच मोडला. ग्रुपवरून काढायचं असेल तर काढा.'

पहिलं उत्तर आलं ते नार्व्याच्या विठ्ठल नाईकांचं. हे गृहस्थ कधी दोन शब्दांपलीकडे लिहायचे नाहीत. त्यांनी लिहिलं, 'माझी यंत्रं तीन वर्षं डबीत पडून आहेत. गाणं खराब येतं म्हणून काढून ठेवली. मला वाटलं आता संपलं. ती डॉक्टरीण कुठे बसते?' त्याच्यामागून आणखी एकाने लिहिलं. मग आणखी कुणी आईबद्दल, कुणी सासऱ्यांबद्दल. इतके दिवस एकमेकांना गाणी पाठवणाऱ्या आमच्यातल्या किती जणांचं गाणं गुपचूप बंद पडलं होतं, ते त्या दिवशी कळलं. कुणीच बोललं नव्हतं. गाणं ऐकणाऱ्या माणसाने 'मला ऐकू येत नाही' म्हणायचं तरी कसं?

तेव्हापासून महिन्यातला एक बुधवार सेजलने गाण्यासाठी ठेवला आहे. ताय सकाळच्या बसने म्हापशाला जाते. मी किंवा माझा एखादा विद्यार्थी तंबोरा घेऊन येतो. पलीकडच्या खुर्चीत कुणीतरी म्हातारं माणूस असतं, 'कसंतरीच वाटतं' यापुढे ज्याला काही सांगता येत नाही. ताय त्याच्याजवळ बसते आणि विचारते: पातळ वाटतं की तीक्ष्ण? दूर आहे की दाबलेलं? वाळू की डास? माणूस हळूहळू बोलायला लागतो. सेजल त्याच्या शब्दांवरून रेघा हलवते. सगळ्यांना जमतं असं नाही. काहींचा कान यंत्राच्याही पलीकडे गेलेला असतो, त्यांना ताय खोटी आशा दाखवत नाही. पण दोडामार्गहून एक रामचंद्र म्हणून आले होते, जन्मभर खाणीवर डंपर चालवलेले. त्यांना दशावतारातल्या पेटीशिवाय दुसरं काही नको होतं. मी पेटीवर त्यांच्या आवडीची चाल वाजवली, ताय आणि सेजल तासभर झटल्या, आणि रामचंद्र एकदम मोठ्याने म्हणाले, "हीच! हीच ती!" तेव्हा बाहेर बसलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. अनंतबाबांनी सगळ्यांत मोठ्या.

यंदा बाबांच्या स्मरणार्थ आम्ही पेडण्यात जी मैफल करतो, तिच्यात कुणाचा सत्कार करायचा यावर बैठक झाली. दरवर्षी एखादा गायक किंवा वादक असतो. मी कमलाक्षीतायचं नाव घेतलं. एक जण म्हणाला, "पण त्या करतात काय?" गोकुळदासबाब ताडकन उठले. "आयकता," ते म्हणाले. "गोंयांत हजार जाण गातात. कोणाखातीर गातात?" पुढे चर्चा झाली नाही.

तायने शाल घेतली, नारळ घेतला, आणि बोलायचा आग्रह झाला तेव्हा एवढंच म्हणाली, "मला काही येत नाही असं मला लहानपणी वाटायचं. तसं नाही. ऐकणं हेही येणंच आहे. ते मला येतं." हे तिने मान ताठ ठेवून सांगितलं. मग पहिल्या रांगेत जाऊन बसली, कानामागचं बटण दाबून यंत्र गाण्यावर आणलं.

त्या दिवशी डिचोलीची तनया गायली. विशीतली मुलगी, नाव अजून गावाबाहेर गेलेलं नाही. तिचं गाणं तायने कधीच ऐकलेलं नव्हतं, म्हणजे आठवणीतून भरून काढायला काहीसुद्धा नव्हतं. तनयाने खंबावती घेतली. मी पेटीवर होतो, त्यामुळे मला दोघी समोर दिसत होत्या, गाणारी आणि ऐकणारी. एका जागी तनया वरच्या षड्जाच्या अगदी जवळ जाऊन, तो न घेताच खाली आली. सभेत कुणाच्या लक्षात आलं नाही. तायचा हात मात्र मांडीवरून आपोआप वर उचलला गेला. तनयाने ते पाहिलं, आणि त्यानंतर ती तायकडे बघूनच गायली.

सकाळी ग्रुपवर त्या मैफलीचं मोबाईलवर घेतलेलं ध्वनिमुद्रण आलं आणि खाली तायच्या चार ओळी: 'काल तनयाची खंबावती ऐकली. पहिल्यांदाच. ही मुलगी वरच्या षड्जापर्यंत जाते, दार उघडं दिसतं, आणि आत न जाता परत फिरते. एवढ्या लहान वयात हा संयम कुठून आला, देव जाणे. दोनदा ऐका. मी तीनदा ऐकलं.'

खाली पटापट उत्तरं आली. त्यांत एक नाव असं होतं जे ग्रुपवर कधी दिसलं नव्हतं. अनंत गांवस. त्याच सकाळी त्यांनी गोकुळदासबाबांना सांगून स्वतःला ग्रुपवर घालून घेतलं होतं. त्यांनी लिहिलं होतं:

'मी पण होतो. मला काही कळलं नाही. पण येताना बसमध्ये ती म्हापशापर्यंत तेच गुणगुणत होती. सूर बरोबर नव्हता. पण चांगलं वाटलं.'